डावखुऱ्याचं पान

१

आमच्या बंदरात घरचा पुरुष बोटीवर गेला, तरी त्याचं पान वाढायचं थांबत नाही. रोज संध्याकाळी त्याच्या जागेवर त्याची गादी आणि पुढे त्याचं तबक. तबकात वाफाळता भात, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार, भाजलेला मासा, खारवलेल्या मुळ्याच्या चकत्या. दूर समुद्रावर तो उपाशी राहू नये म्हणून हे. आमची जेवणं झाली की साराच्या वाटीवरचं झाकण उचलून आतून बघायचं. थेंब जमले असले की माणूस सुखरूप. मग गार झालेलं ते जेवण घरातल्याच कुणीतरी संपवायचं. आमच्या घरी ते काम माझं.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासूला तोंडावर म्हटलं होतं, "आई, उकळतं सार झाकलं की झाकणाला पाणी सुटणारच. ही नुसती वाफ आहे."

माझी जीभ लहानपणापासून तिखट. पण तोमे-आई त्याहून तिखट.

"अगं बाई, हुशारच आहेस की! आम्ही इतकी वर्षं स्वयंपाक करतोय, आम्हाला वाफ ठाऊकच नव्हती. ज्यानं ही रीत घातली ना, त्याला बायकांच्या झोपेची काळजी होती. थेंब रोज दिसतात म्हणून तर बघायचं."

माझ्या नवऱ्याच्या, शिगेतोच्या पानात एक गोष्ट वेगळी असायची. सगळ्या जगाच्या पानावर जेवायच्या काड्यांची टोकं डावीकडे करून ठेवतात, म्हणजे उजव्या हाताला उचलायला सोपं. शिगेतो पक्का डावखुरा. म्हणून त्याच्या काड्यांची टोकं उजवीकडे. माझी जागा त्याच्या डाव्या बाजूला, त्यामुळे घास घेताना त्याचं डावं कोपर आणि माझं उजवं कोपर हमखास एकमेकांवर आपटायचं. कितीदा सांडलेलं सार मी पुसलं असेल! "सरक की जरा," मी म्हणायची. "तूच सरक, मी कमावता आहे," तो म्हणायचा आणि मुद्दाम आणखी एकदा आपटायचा. जागा बदलून घ्यायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

त्या शरद ऋतूत त्याची 'दाइशो मारू' उत्तरेकडे माशांच्या मागे गेली. तिकडे वादळ झालं, आणि त्यानंतर बोटीचा आवाज रेडिओवर आला नाही. तटरक्षकांनी शोध घेतला, मग शोध थांबवला. आम्ही पान वाढायचं थांबवलं नाही.

२

गावच्या भोंग्यावर संध्याकाळी एक धून वाजते, मुलांनी खेळ आवरून घरी जावं म्हणून. ती वाजत होती. मी ओट्याशी मुळा किसत होते. दार सरकल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी म्हणालं, "आलो."

"आलास? ये," मी म्हटलं.

हे काही विचार करून म्हणायचं नसतं. दारातून 'आलो' ऐकू आलं की घरातून 'ये' जायलाच हवं. डोळ्याशी माशी आली की पापणी मिटते, तसं ते जातं. मी आणखी थोडा मुळा किसला. मग हात थांबला, कारण घरात यायला कुणी उरलंच नव्हतं. सासू आतल्या खोलीत होती.

मी पळत गेले. दार बंद होतं. दारातली फरशी कोरडी, चपला जिथल्या तिथे. बाहेर शेजारच्या ओनोदेरा काकू दोरीवर वाळत घातलेले मासे उतरवत होत्या.

"काकू, आत्ता आमच्याकडे कोण आलं हो?"

"कोण येणार? मी कधीची इथं उभी आहे." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "किकुए-सान, जेवतेस ना गं नीट?"

"जेवते. दोन माणसांचं जेवते."

कुणाच्या तरी घरचा रेडिओ असेल, असं मी ठरवलं. आमच्या गल्लीतली घरं इतकी चिकटून आहेत की एकाला शिंक आली तर तिसऱ्या घरचा माणूस नाक पुसतो. कुणाचा तरी 'आलो' माझ्या कानात शिरला आणि मी त्याला फुकटचा 'ये' देऊन टाकला, एवढंच.

जेवणं झाल्यावर मी त्याच्या साराचं झाकण उचललं. थेंब होते. मग काड्यांकडे लक्ष गेलं. त्यांची टोकं डावीकडे होती.

३

काड्या मी स्वतः मांडते. या एका गोष्टीत माझा हात चुकत नाही.

"आई, काड्या तुम्ही फिरवल्या?"

"मी कशाला फिरवू? मला एकदा बसलं की उठायला क्रेन लागते." तोमे-आईंनी मान पुढे काढून बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "फिरल्यात का गं? खरंच?"

दुसऱ्या दिवशीही फिरल्या. तिसऱ्या दिवशी मी जेवणभर तबकावरून नजर हलवली नाही. फक्त सार वाढायला वळले, तेवढ्यात फिरल्या. लाकडाचा टक् असा बारीक आवाज आला, कुणी जेवण आटपून काड्या खाली ठेवाव्यात तसा.

त्याचा भात मी तोंडात घातला तर त्याला चव नव्हती. शिळा नव्हता, आंबला नव्हता. नुसतं तोंडात काहीतरी आहे एवढं कळत होतं. मासाही तसाच. त्याच पातेल्यातला माझा भात गोड होता, त्याच माशाचा माझा तुकडा खारट होता. जीभ भाजली असेल, सर्दी झाली असेल, शोकानं माणसाची चव जाते म्हणतात, असं काय काय मी स्वतःला सांगितलं. पण शोक काय वाटीपुरता असतो? माझ्या वाटीत नाही आणि त्याच्या वाटीत आहे?

तोमे-आई मात्र दिवसेंदिवस खुलत चालल्या.

"उजव्या हातानं जेवला गं माझा लेक! लहानपणी त्याचा डावा हात फडक्यानं कमरेशी बांधून ठेवायची मी. शाळेत मास्तरही हातावर पट्टी मारायचे. सोडलं की पुन्हा डावाच. सुंभ जळला तरी पीळ जाईना. आता बघ, शेवटी ऐकलं माझं."

"आई, इतकी वर्षं ऐकलं नाही तो समुद्रावर जाऊन ऐकणार आहे का?"

"भुकेनं माणूस शहाणा होतो."

"तो नाही होणार," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की पलीकडे ओनोदेरा काकूंचं कुत्रं भुंकायला लागलं.

मला राग सासूचा आला नव्हता. त्यांच्यासारखं खूश होता येत नव्हतं म्हणून मी जळत होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्या दोन काड्यांवर त्या तरंगत होत्या आणि मला त्याच काड्यांकडे बघवत नव्हतं.

४

घरात कुणीच नसताना काय होतं ते बघावं, असं मी ठरवलं. संध्याकाळी पान वाढलं, मागच्या दाराला कडी घातली, खिडक्यांच्या फळ्या ओढल्या आणि सासूला घेऊन सार्वजनिक न्हाणीघरात गेले. पुढच्या दाराची किल्ली मी गळ्यात अडकवली होती.

गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून तोमे-आई म्हणाल्या, "आज घाईत आहेस. पाठ पण धड घासली नाहीस माझी."

"सार गार होईल."

"त्याचं ना? तो काय बोलणार आहे? बोलणारा असता तर..." आणि त्या थांबल्या. दोघींनी मग तोंडावर पाणी मारून घेतलं. पाण्यात रडायची ही एक सोय असते.

परत आलो. कुलूप तसंच होतं. आत शिरताच एक वास आला, बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा. नवऱ्याच्या कपड्यांतून मी तो वर्षानुवर्षं धुऊन काढला आहे, त्यामुळे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. शिगेतोची गादी मध्यभागी दबलेली होती. मी तळवा टेकवला तर ओली. भात उजव्या बाजूनं घासभर खचला होता. काड्यांची टोकं डावीकडे, आणि ती ओली होती, चोखल्यासारखी. साराच्या झाकणाखालून इतकं पाणी निघालं की तबकात ओघळलं.

"जिवंत आहे," तोमे-आई म्हणाल्या आणि बसल्या जागी कपाळ चटईला टेकवून रडायला लागल्या. "माझा शिगेतो जिवंत आहे."

मी उभीच राहिले. मला दार आठवत होतं, भोंग्याची धून आठवत होती, आणि तो 'आलो'. शिगेतो कधी 'आलो' म्हणायचा नाही. त्यावरून आईंची बोलणी खायचा. तो दारातल्या पायरीवर बूट आपटायचा, धप धप, चिखल झाडायला, आणि तेच त्याचं येणं असायचं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नव्हता, आणि तरी मी 'ये' म्हटलं होतं.

म्हणजे हा जो जेवत होता तो दुसराच कुणीतरी होता. आणि पान एकच होतं. कोण आला याची मला तेव्हा भीती वाटली नाही. माझा नवरा इतके दिवस उपाशी आहे, हेच एक मला कळत होतं.

५

मच्छीमार संस्थेच्या हॉलमध्ये 'दाइशो मारू'वर गेलेल्यांच्या घरच्या आम्हा बायकांना बोलावलं होतं. संस्थेचे कुमागाई-सान भले माणूस, पण वाईट बातमी देताना त्यांना सारखी टाय सैल करायची सवय.

"रविवारी देवळात सगळ्यांचं एकत्रच करून घेऊ, असं मंडळाचं म्हणणं आहे. आपापल्या घरी नंतर..."

"नंतर काय?" मी विचारलं. "भातात काड्या उभ्या रोवायच्या?"

भातात उभ्या काड्या फक्त मेलेल्याच्या पानावर असतात. लहानपणी खेळताना मी एकदा रोवल्या होत्या, तर आजोबांनी हातावर अशी चापट मारली की वाटीच उडाली.

"तुम्ही वाढताय ना अजून पान?" माझ्या शेजारच्या बाईनं हळूच विचारलं. "मी पण वाढते."

मग एकेक करत सगळ्याच म्हणाल्या, मी पण, मी पण. आणि मागून कुणीतरी विचारलं, "आणि बोटीवरच्या त्या म्हाताऱ्या आचाऱ्याचं, हेइसुकेचं, कोण वाढतं? त्याला तर मागे कुणीच नव्हतं."

कुमागाई-साननी टाय आणखी सैल केला.

मला एकदम सुटल्यासारखं झालं. हेइसुके! भुकेला, एकटा, उजव्या हाताचा म्हातारा. यात भ्यायचं काय? मी घरी जाऊन दुसरं तबक काढलं आणि उंबऱ्याजवळ त्याच्यासाठी वेगळं पान मांडलं. "हेइसुके-सान, हे तुमचं," असं मोठ्यानं सांगितलंसुद्धा. "ते आतलं माझ्या नवऱ्याचं आहे. त्याला जेवू द्या."

जेवण झाल्यावर बघितलं तर दोन्ही पानांवरच्या काड्या ओल्या होत्या. आतल्या पानाच्या काड्यांची टोकं डावीकडेच होती.

मग मी तिसरं तबक मांडलं, मग चौथं. घरातली तबकं संपली तेव्हा ओनोदेरा काकूंकडून मागून आणली. सगळी उष्टी झाली. घरभर तो वास सुटला आणि चटया पायाखाली पचपचायला लागल्या. समुद्रात उपाशी असणारे काय आमच्याच बोटीवरचे होते? माझ्या एका 'ये'वर किती जण आत आले होते, कुणाला ठाऊक. आणि इतक्या पानांत एकही पान असं नव्हतं, जिथे काड्यांची टोकं उजवीकडे राहिली.

६

"एका जेवणापुरतं, आई," मी म्हटलं. "एकदाच. काड्या रोवलेल्या दिसल्या की ते समजतील, या घरातला माणूस संपला, इथे आता काही मिळायचं नाही. जातील. मग उद्यापासून स्वच्छ तबकात फक्त त्याचं."

तोमे-आईंनी माझं मनगट पकडलं. म्हाताऱ्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तोंडानं हजार वेळा मेला म्हण. मी ऐकून घेईन. पण पानावर नको. पान त्याच्यापर्यंत पोचतं."

"पोचतच नाहीये ना!"

"तुला काय ठाऊक?"

"मला नाही ठाऊक. मला काहीच ठाऊक नाही." मी ओरडत होते. "तुमचा लेक उपाशी आहे आई, आणि मी गावाला जेवू घालतेय!"

दुसऱ्या दिवशी त्यांना गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे जायचं होतं. ओनोदेरा काकू सोबत गेल्या. जाताना दारात बूट चढवताना तोमे-आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किकुए, करू नकोस गं."

मी भात केला. बाकीची सगळी तबकं आवरून त्याचं एकच मांडलं. त्याच्या वाटीत भात उंच रचला आणि काड्या मधोमध उभ्या रोवल्या. सार उकळतं वाढून झाकलं. मग त्याच्या डाव्या बाजूला, माझ्या जागेवर जाऊन बसले. तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून टॉवेलचं टोक दातांत धरलं.

भोंग्याची धून सुरू झाली. दार सरकलं.

"आलो."

मी दात आवळले. 'ये' हा शब्द जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता, मला खरंच वाटलं मी गुदमरेन.

"आलो," दुसरा आवाज म्हणाला. मग आणखी एक, बारीक, घसा बसलेला. फरशीवर ओली पावलं वाजली आणि खोलीच्या कागदी सरकत्या दाराशी थांबली. दाराचा कागद खालच्या अंगाला काळपट व्हायला लागला, पाणी शोषल्यासारखा. मी समोर भाताकडे बघत राहिले. दार बोटभर सरकलं असावं, कारण गार हवा पायांना लागली. त्यांनी काड्या बघितल्या असणार.

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग पावलं मागे वळली. एकामागून एक पायरी उतरून गेली आणि बाहेरचं दार कुणीतरी अगदी अदबीनं, आवाज न करता ओढून घेतलं.

मी टॉवेल सोडला. जिवात जीव आला म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी रडत होते आणि हसत होते आणि मनातल्या मनात उद्याचं पान वाढत होते. उद्या त्याला आवडतो तसा मासा, वर किसलेला मुळा.

बाहेर धप धप असं काहीतरी झालं. ते लोक गल्लीतून जात असतील, असं मला वाटलं.

मग माझ्या उजव्या कोपराला धक्का लागला.

हलकाच. मग मुद्दाम आणखी एकदा.

मी मान पूर्ण वळवली नाही. वळवता आली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की एक हात तबकाकडे निघाला आहे. डावा. तर्जनीचं नख बोटीवरच्या जाळं ओढायच्या चाकात सापडून काळं पडलेलं, तेच. मनगट मात्र इतकं बारीक झालं होतं की मी ते दोन बोटांत धरलं असतं. हात भुकेल्या माणसाच्या घाईनं पुढे गेला आणि उभ्या काड्यांपाशी पोचून थांबला. बोटं उघडी राहिली.

"ते तुझ्यासाठी नाही!" मी किंचाळले. "शिगेतो, ते तुझं नाही रे!"

मी काड्या उपटल्या, भात सांडला, काड्या आडव्या ठेवल्या, टोकं उजवीकडे, उजवीकडे, बघ ना, उजवीकडेच. शेजारची गादी कोरडी होती. तिच्यावर नुकतंच कुणी बसून उठल्यासारखी ती हळूहळू फुगत वर येत होती. मी कोपर बाहेर काढून, जितकं जाईल तितकं बाहेर काढून बसून राहिले. कशालाच लागलं नाही.

काही वेळानं मी साराचं झाकण उचललं.

७

रविवारचं देवळातलं झालं. आम्ही गेलो नाही.

मी रोज पान वाढते. सार चुलीवरून थेट वाटीत ओतते, इतकं उकळतं की वाटी धरताना बोटं भाजतात. लगेच झाकते. वाफ कडेनं बाहेर येताना दिसते. ही नुसती वाफ आहे, झाकणाला पाणी सुटणारच, असं मी सासूला एकदा ऐकवलं होतं.

जेवण झालं की तोमे-आई आपल्या जागेवरून विचारतात. त्यांना आता नीट दिसत नाही, आणि गुडघ्यांमुळे त्या उठत नाहीत.

"बघ गं. आहेत का थेंब?"

मी झाकण उचलते. आतून बोट फिरवते. बोट कोरडं निघतं. कडेला, मध्ये, सगळीकडे कोरडं.

"आहेत, आई."

"पुष्कळ आहेत?"

"पुष्कळ."

त्या मान हलवतात आणि त्यांना झोप लागते. काड्यांची टोकं उजवीकडे असतात, मी ठेवली तशीच. मग मी त्याचं जेवण संपवते. भात गोड लागतो.